शहाद्याचा राउटर पुण्यातून कसा उघडावा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही कोणासाठी

तुमचं घर शहादा, तळोदा, नवापूर नाहीतर खुद्द नंदुरबारला आहे आणि पगार मात्र पुण्यातून येतो. घरी जिन्याखाली एक जुना डेस्कटॉप चोवीस तास घरघरत असतो. त्यावर तुम्ही लिनक्स टाकलं आहे, शेजारी एक रास्पबेरी पाय आहे, सेकंडहँड घेतलेला एक स्विच आहे. या सगळ्या संसाराला तुम्ही होम लॅब म्हणता. आई त्याला ‘दादाचं मशीन’ म्हणते. आणि वीजबिल आलं की आबा जे म्हणतात ते छापता येत नाही.

त्या मशीनवर बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत, सातबाऱ्याचे स्कॅन आहेत, पपईच्या शेतातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आहे आणि कोणीही कधीही बघणार नाही असे शेकडो सिनेमे आहेत. आज अचानक सातबारा हवा आहे. पुण्यातून पत्ता टाकता, आणि ब्राउझरचं चाक फिरत राहतं. तुम्ही आमचे वाचक झालात.

ज्यांचं घर धडगाव-मोलगीच्या वरच्या पाड्यांवर किंवा नर्मदेच्या काठाला आहे, त्यांनी पुढचं करमणूक म्हणून वाचावं. जिथे मतदान यंत्रं बोटीतून न्यावी लागतात आणि साधा फोन लावायला टेकडी चढावी लागते, तिथे राउटर उघडत नाही ही तक्रार करण्याआधी राउटर असावा लागतो. त्यावर उपाय या मार्गदर्शिकेत नाही. तो मंत्रालयात आहे.

लागणारं साहित्य

घरी एक राउटर. घरी एक माणूस, जो फोन उचलतो. दोन्हींत निवड करायची वेळ आलीच तर माणूस निवडा, राउटर शहाद्याच्या बाजारात मिळतो. शिवाय लाल आणि पिवळा दोरा, आणि त्या माणसाचा चष्मा. चष्मा कशाला ते पुढे येईल.

पायरी १: काहीही बदलू नका, फोन लावा

नवशिक्याची पहिली खोड ही की तो पुण्यातल्या लॅपटॉपवर सेटिंगं बदलायला लागतो. बिघाड चारशेहून अधिक किलोमीटरवर, औषधोपचार इथे. दोन तासांनी मूळ बिघाड तसाच राहतो आणि लॅपटॉपचाही वायफाय जातो. म्हणून आधी घरी फोन लावा आणि एकच प्रश्न विचारा: लाइट आहे का?

घर मळ्यात असेल आणि जोडणी शेतीच्या फीडरवर असेल तर राउटरचं वेळापत्रक मोटारीच्या वेळापत्रकाशी बांधलेलं असतं. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. अशा वेळी तुमची होम लॅब बिघडलेली नसते, तिची पाळी आलेली नसते. महावितरणचं वेळापत्रक फोनमध्ये जतन करा, निम्मं ट्रबलशूटिंग तिथेच संपतं.

गावातल्या घरात इन्व्हर्टर असतो. पण इन्व्हर्टरवर हॉलमधला पंखा, ट्यूब आणि टीव्ही असतो, जिन्याखालचा सॉकेट नसतो. तो तिथे घ्यावा असं तुम्ही दिवाळीला सांगितलेलं असतं आणि वायरमन ‘उद्या येतो’ म्हणालेला असतो. त्याची वाट पाहू नका. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, राउटरएवढाच दिसतो, काही तास काढून देतो. राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींना लावा. नुसत्या राउटरला लावणारे फार आहेत. त्यांचा राउटर अंधारात तेजस्वीपणे चालू असतो आणि इंटरनेट नसतं.

आता एक गोष्ट जी व्हिडिओत कोणी सांगत नाही. तालुक्याच्या गावांत पुष्कळ ठिकाणी केबलवाल्याचा स्विच एखाद्या गिऱ्हाइकाच्या गच्चीवर पत्र्याच्या पेटीत बसवलेला असतो. त्या घराच्या विजेवर गल्लीभराचं इंटरनेट चालतं आणि बदल्यात त्या घराला कनेक्शन फुकट मिळतं. त्या घरच्यांनी रंगकामासाठी मेन स्विच पाडला की तुमचा सर्व्हर गेला. तुमच्या घरी लाइट, तुमच्या राउटरला लाइट, सगळं ठणठणीत. ते घर कोणाचं, हे आजच विचारून ठेवा. लग्नपत्रिका वाटताना त्या घराला विसरू नका.

पायरी २: बत्त्या वाचणे

लाइट आहे असं कळल्यावर डब्यावरच्या बत्त्या वाचून घ्यायच्या. हे संभाषण साधारण असं होतं:

“आबा, डब्बावर कितल्या बत्त्या शेतस?”

“चार.”

“लाल एखादी शे का?”

“शे ना. लुकलुक करी राहिनी.”

“तिना खाले काय लिखेल शे?”

“थांब, चष्मा लई येस.”

इथे फोन ओट्यावर ठेवला जातो. तुम्हाला बराच वेळ कोंबडीचा आवाज ऐकू येतो. मग आबा परत येतात.

“इंग्रजीमा शे.”

घाबरू नका. फायबरच्या डब्यावर लुकलुकणारी लाल बत्ती बहुतेक वेळा एल-ओ-एस असते. प्रकाश येत नाही, एवढाच तिचा अर्थ. फायबर तुटली आहे, वाकली आहे किंवा कोणीतरी झाडू मारताना तिचा जोड उपसला आहे. आपल्याकडे फायबर विजेच्या खांबांवरून लोंबत जाते, आणि उसाची ट्रॉली किंवा कापसाची गाडी उंच भरली की ती घेऊन जाते. गाळप हंगामात म्हणून संशय आधी रस्त्यावर घ्या, राउटरवर नंतर. केबलवाल्याला फोन केलात तर त्याला डब्यातला प्रकाशाचा आकडा विचारा. उणे वीसच्या आसपास असेल तर ठीक, उणे सत्तावीसच्या खाली गेला असेल तर जोड खराब आहे. आकडा विचारणारं गिऱ्हाईक त्याला रोज भेटत नाही. तो त्याच दिवशी येण्याची शक्यता वाढते, एवढाच या ज्ञानाचा व्यावहारिक फायदा.

पुढच्या खेपेला घरी गेलात की फायबरच्या डब्याच्या वायरला लाल दोरा बांधा, राउटरच्या वायरला पिवळा. ‘लाल दोरावाली पिन काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा’ हे वाक्य कोणत्याही बोलीत समजतं.

पायरी ३: रिसेट

हा शब्द घरी उच्चारू नका. तुमच्या मनात बंद करून चालू करणं असतं. घरी त्याचा अर्थ मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन खुपसणं असा घेतला जातो, आणि ते काम घरातलं कोणीतरी भलत्याच उत्साहाने करतं. दहा सेकंदांत तुमची वर्षभराची सेटिंगं जातात. भोकावर चिकटपट्टी लावा.

पायरी ४: तुमच्या राउटरला पत्ता नाही

आता लाइट आहे, बत्त्या हिरव्या आहेत, आई घरी यूट्यूबवर कीर्तन ऐकते आहे. तरी पुण्यातून उघडत नाही. तुम्ही व्हिडिओ बघून पोर्ट फॉरवर्डिंग केलं आहे, दोनदा केलं आहे. मग मूळ दुखणं बहुधा हेच आहे.

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते, आणि पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. बारा आकडी, साऱ्या देशात दुसऱ्या कोणाचा नसलेला. त्याला चार महिने होतात न होतात तोच, ३ फेब्रुवारी २०११ ला, इंटरनेटच्या जागतिक कोठारातले आयपीव्ही४ पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले. एप्रिलमध्ये आशिया खंडाचाही साठा तळाला गेला. म्हणजे शहादा तालुक्यातल्या माणसाला स्वतःचा असा क्रमांक मिळायला लागला, आणि त्याच सुमाराला शहादा तालुक्यातल्या राउटरला तो मिळायची शक्यता संपली.

कारण साधं आहे. १९८१ साली ज्यांनी हे पत्ते ठरवले त्यांनी ३२ बिटांची जागा ठेवली. त्यात ४२९ कोटी पत्ते बसतात. तेव्हा ते अफाट वाटले असणार. तेव्हा शहाद्यात ट्रंक कॉल लावून वाट बघत बसत.

मग पत्ते पुरवायचे कसे? एक खरा पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटायचा. यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा एक पट्टा खास बाजूला काढला गेला. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. तुमचा राउटर बाहेर जाऊ शकतो, बाहेरचा कोणी तुमच्या राउटरपर्यंत येऊ शकत नाही. जुन्या एसटीडी बूथवरून तुम्ही वाट्टेल त्याला फोन लावू शकत होतात. पण तुम्हाला कोणी बूथवर फोन केला तर बूथवाला म्हणणार, कोण पाहिजे? इथे गर्दी आहे. पोर्ट फॉरवर्डिंग तुम्ही तुमच्या घराच्या दारावर केलंत. अडवणूक कंपनीच्या दारावर आहे, आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नाही.

हे ओळखायचं कसं? बारावी सायन्सला असलेल्या भाच्याला फोन द्या. त्याला राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी वाचायला सांगा. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा पहिलाच आकडा १० असेल, तर निदान पक्कं. मग गूगलवर ‘माझा आयपी’ शोधायला सांगा. तिथे वेगळाच पत्ता येईल, आणि गाव म्हणून मुंबई नाहीतर अहमदाबाद दिसेल. त्यावरून आबांशी वाद घालू नका, घर शहाद्यातच आहे.

उपाय तीन. पहिला, कंपनीकडून स्टॅटिक आयपी विकत घेणं. त्यासाठी कॉल सेंटरला फोन करावा लागतो. पलीकडचा माणूस सुरुवातीला तुमचा राउटर बंद करून चालू करायला सांगेल. त्याला तुम्ही पुण्यात आहात हे समजावण्यात दुपार जाते, आणि शेवटी ‘ही सेवा आपल्या भागात उपलब्ध नाही’ असं कळतं.

दुसरा, आयपीव्ही६. इथे टंचाई नाही. एका घराला मिळणारा सगळ्यात लहान नेहमीचा तुकडा घेतला तरी त्यात जगातल्या सगळ्या जुन्या पत्त्यांच्या ४२९ कोटी पट पत्ते असतात. मोबाइलवाल्यांनी भारतात हे मोठ्या प्रमाणावर आणलं आहे. पण तुमच्या केबलवाल्याने आणलं आहे का, राउटरची फायरवॉल बाहेरून येणाऱ्याला आत सोडते का, आणि पुण्यातल्या ऑफिसच्या जाळ्यात ते चालतं का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली तरच काम होतं. दोनच आली तर शून्य.

तिसरा उपाय आमच्या मते खरा. बाहेरून आत येता येत नाही ना? मग आतून बाहेर जाऊ द्या. महिन्याला काहीशे रुपयांत भाड्याने मिळणारा एक छोटा सर्व्हर घ्या, ज्याला खरा पत्ता असतो. घरच्या राउटरने वायरगार्डचा, म्हणजे व्हीपीएनचा, बोगदा स्वतःहून तिथपर्यंत खोदायचा आणि दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवून तो उघडा ठेवायचा. तुम्ही पुण्यातून त्याच सर्व्हरवर जा आणि बोगद्यातून घरी उतरा. एवढी खटपट नको असेल तर टेलस्केल आहे. तेही आतून वायरगार्डच आहे, फक्त खणणारे दुसरे.

पायरी ५: आपण कोणाच्या घरात आहोत ते पाहा

बोगदा जोडला गेला. तुम्ही १९२.१६८.१.१ टाकलंत. लॉगिनचं पान आलं! पासवर्ड चालला! तुम्ही आनंदाने रीबूट दाबलंत. पलीकडच्या खोलीत रूममेटची मीटिंग तुटली.

पुण्यातला राउटर आणि शहाद्याचा राउटर, दोघांचाही घरातला पत्ता कारखान्यातून तोच येतो, आणि नवशिक्याचा दोन्हीकडचा पासवर्डही एकच असतो. लॅपटॉप जवळचं घर आधी बघतो. म्हणून शहाद्याच्या घराची मालिका बदला. १०.३९ ने सुरू होणारी घ्या. ३९ हा नंदुरबारच्या गाड्यांचा क्रमांक आहे, एमएच ३९, लक्षात राहतो. धुळ्याच्या मित्राला १०.१८ द्या.

पायरी ६: राउटरच्या मते आज १ जानेवारी १९७० आहे

हा बिघाड खास भारनियमनाच्या भागातला आहे, आणि पुस्तकी लोक त्यावर आठवडे घालवतात. राउटरच्या पोटात घड्याळ असतं, पण स्वस्त राउटरला त्या घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ गेली. वीज आली की तो १९७० साली, नाहीतर त्याचं सॉफ्टवेअर तयार झालं त्या तारखेला जागा होतो.

आता वायरगार्ड संशयी स्वभावाचं आहे. समोरून आलेल्या प्रत्येक हस्तांदोलनावर वेळ टाकलेली असते. पलीकडचा सर्व्हर शेवटची वेळ लक्षात ठेवतो आणि त्याहून जुन्या वेळेचं हस्तांदोलन आलं तर कोणीतरी जुनं रेकॉर्डिंग वाजवतंय असं समजून गप्प बसतो. चूक दाखवत नाही, नोंदही ठेवत नाही. घरचा राउटर हात पुढे करून उभा, सर्व्हर तोंड फिरवून बसलेला, आणि तुम्ही पुण्यात किल्ल्या तपासताय. राउटरने इंटरनेटवरून वेळ विचारून घेतली की सगळं आपोआप सुटतं. पण बरेच हुशार लोक सगळीच रहदारी बोगद्यातून पाठवायची सेटिंग करून ठेवतात. मग वेळ विचारायला बोगदा हवा आणि बोगद्याला वेळ हवी, असा तिढा बसतो. वेळ विचारणाऱ्या रहदारीला आणि तिच्यासाठी लागणाऱ्या डीएनएसला बोगद्याबाहेरचा रस्ता द्या. लाइट गेल्यावर बंद पडलेलं कनेक्शन लाइट आल्यावरही बंद राहिलं, तर पहिला संशय इथे घ्या.

आणि डेस्कटॉपच्या बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर चालू हो’ हे करून ठेवा. नाहीतर राउटर उठतो, मशीन झोपलेलं राहतं, आणि आई त्याचं बटण टीव्हीच्या रिमोटने दाबायचा प्रयत्न करते.

पायरी ७: वैतागून दार उघडं टाकू नका

या टप्प्यावर कोणीतरी मित्र सांगतो, सगळे पोर्ट उघड आणि मोकळा हो. ऐकू नका. २०१६ मध्ये मिराय नावाच्या किड्याने कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्या फौजेने अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्स अडवून दाखवलं. होम लॅबवाल्यांचा लाडका मायक्रोटिकही सुटला नाही. २०१८ मध्ये त्याच्या विनबॉक्स या व्यवस्थापनाच्या साधनाच्या ८२९१ क्रमांकाच्या दारातून पासवर्ड न देता वापरकर्त्यांची फाइल वाचता येते असं उघड झालं. कंपनीने दुरुस्ती लगेच दिली, लोकांनी ती लावली नाही, आणि मग ते राउटर घरच्यांच्या ब्राउझरमध्ये परक्यांसाठी चलन खणणारा कोड घुसवत बसले. राउटरचं व्यवस्थापनाचं पान फक्त बोगद्यातून उघडावं. आबांच्या विजेवर आबांनी मोटार चालवावी.

पायरी ८: बसल्या फांदीवर कुऱ्हाड

बोगद्यातून आत गेल्यावर फायरवॉलचा नियम बदलायचा मोह होतो. एक चुकीची ओळ, आणि तुम्ही बाहेर. म्हणून मायक्रोटिकमध्ये आधी सेफ मोड लावा, जोडणी तुटली की तो बदल मागे घेतो. मोठ्या जाळ्यांतल्या ज्युनिपरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ हा हुकूम वापरला, तर दहा मिनिटांत पक्का न केलेला बदल आपोआप उलटतो. अशी सोय नसेल तर बदल करण्याआधी ‘दहा मिनिटांनी जुनं सेटिंग लावून रीबूट हो’ असं राउटरला सांगून ठेवा, आणि सगळं नीट चाललं तर तो हुकूम मागे घ्या.

चुकून बाहेर राहिलात तर लाजू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकने देखभालीच्या कामात एक हुकूम दिला आणि स्वतःचं जगभरचं जाळं स्वतःच तोडलं. हुकूम तपासणाऱ्या यंत्रणेतही दोष होता, तिने अडवलं नाही. फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सहा तासांच्या आसपास बंद. दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे दुरून काही करता येईना. शेवटी इंजिनिअर प्रत्यक्ष डेटा सेंटरला पाठवावे लागले, आणि कडेकोट बंदोबस्तामुळे त्यांना आत शिरायलाच वेळ लागला. त्यांच्याकडे आबा नव्हते. तुमच्याकडे आहेत, आणि जिन्याखाली जायला त्यांना ओळखपत्र लागत नाही.

पायरी ९: गाडी पकडा

वरचं सगळं करूनही उघडलं नाही तर शुक्रवारी रात्रीची गाडी धरा. सारंगखेड्याची यात्रा जवळ असेल तर दत्तजयंतीचा मुहूर्त साधा, रजा मागायला कारण मिळतं. घरी पोचल्यावर कारण सापडतंच: एक्स्टेन्शन बोर्डावर राउटरच्या जागी मिक्सर.

दुरुस्ती झाल्यावर एक काम राहतं, आणि नवशिके तेच विसरतात. घरच्या वायफायवर बसून ‘बाहेरून उघडतंय’ असं ठरवू नका. तुम्ही आतच असता. फोनचा वायफाय बंद करा, मोबाइल डेटा लावा, गच्चीवर जा आणि तिथून उघडून पाहा. मग मेन स्विच पाडा, पुन्हा चालू करा, आणि परत उघडून पाहा. दोन्ही वेळा उघडलं तर सेटिंगांचा बॅकअप काढा आणि राउटरचा पासवर्ड आबांच्या डायरीत, गॅस एजन्सीच्या नंबराखाली, मराठीतून सूचना देऊन लिहा. नाही उघडलं तर परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकला.